किल्ली ठेवून निघताना

छत्रपती संभाजीनगरला येणारा प्रत्येक पाहुणा लेणी पाहायलाच येतो असे नाही. कोणाची उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारीख असते, कोणाचे माणूस घाटीत किंवा हेडगेवार रुग्णालयात दाखल असते, कोणाच्या मुलीची स्पर्धा गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात असते, तर कोणी शेंद्र्याच्या कारखान्यात चार दिवसांच्या कामासाठी उतरतो. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की पर्यटकांची भर पडते. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही नीट पाहायचे तर दोन मुक्काम होतातच. सोबत लहान मूल असले, म्हातारे माणूस असले किंवा पथ्याचा स्वयंपाक करायचा असला की हॉटेलची खोली पुरत नाही. अशा वेळी पुंडलिकनगर, गारखेडा, सिडको या पट्ट्यातला दिवसाच्या हिशेबाने मिळणारा फ्लॅट सोयीचा वाटतो. गॅस, भांडी, गाद्या, गीझर, वायफाय सगळे तयार असते. मालकाशी बोलणे फोनवरच होते, भाडे आधीच भरलेले असते, आणि निघताना किल्ली सांगितलेल्या जागी ठेवली की व्यवहार संपतो. त्या क्षणी अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो आणि उत्तर न मिळताच विरून जातो: आपण गेल्यावर हे घर जी बाई आवरणार आहे, तिला काही द्यायचे असते का? द्यायचे तर किती, आणि कोणाच्या हाती?

उत्तर आधीच देऊन टाकू: द्यावे. पण का द्यावे, हे समजून घेतल्याशिवाय कसे द्यावे हे नीट कळत नाही. जादा पैसे देण्याच्या दोन रीती आपल्याकडे चांगल्या रुजलेल्या आहेत. पहिली दिवाळीच्या पोस्ताची. पोस्टमन, वॉचमन, कचरा नेणारे, घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी यांना दिवाळीला काहीतरी देणे हे आपण कर्तव्य मानतो. वर्षभराची ओळख हा तिचा पाया. दुसरी रीत हॉटेलातल्या बक्षिसीची. वाढणारा माणूस समोर उभा असतो, बिलाची बशी त्यानेच आणलेली असते, त्यामुळे त्यात चार पैसे टाकल्याशिवाय उठणे जड जाते. समोरचा चेहरा हा तिचा पाया. दिवसाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये या दोन्ही गोष्टी नसतात. साफसफाई करणारी बाई पाहुणा येण्याआधी काम उरकून गेलेली असते आणि तो गेल्यावर पुन्हा येते. तिच्याशी वर्षाची ओळख नाही आणि तिचा चेहराही दिसलेला नाही. म्हणून एरवी देणारा माणूसही इथे देत नाही. त्यात मनाचा कोतेपणा नसतो. ज्या दोन खुणांमुळे आपला हात खिशाकडे जातो, त्या दोन्ही खुणा इथे पुसल्या गेलेल्या असतात. जुन्या रीती जिथे पोहोचत नाहीत तिथे नवी रीत जाणीवपूर्वक घालावी लागते, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

ती बाई काय काम करते, हे पाहिले तर या म्हणण्याला बळ येते. एक पाहुणा सकाळी ११ च्या सुमारास निघतो आणि दुसरा दुपारी १ किंवा २ ला येणार असतो. मधल्या दोन-तीन तासांत संपूर्ण घर असे करायचे असते की तिथे कोणी राहून गेले याची खूण उरू नये. चादरी आणि उशांचे अभ्रे बदलायचे, ओले टॉवेल गोळा करायचे, खरकटी भांडी घासायची, ओट्यावरचा तेलकटपणा काढायचा, न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस काढायचे, संडास घासायचा, फ्रीजमधले उरलेसुरले फेकायचे, फरशी पुसायची, ओला-सुका कचरा वेगळा करायचा आणि घंटागाडी निघून गेली असेल तर तो सांभाळून ठेवायचा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत धुण्याचे गाठोडे जिन्याने खाली न्यायचे. यात या शहराची म्हणून एक अडचण वाढते. पाणी येते पैठणच्या नाथसागरातून, आणि वर्षानुवर्षे शहराने काही दिवसांआड येणाऱ्या नळावर संसार केला आहे. टाकीतले पाणी जपून वापरण्याची सवय इथल्या घरांना आहे, पाहुण्याला नाही. त्याने शॉवर सोडून ठेवला की त्याची अंघोळ होते, पण नंतर फरशी आणि संडास धुवायला पाणी पुरवण्याची जबाबदारी त्या बाईवर येते. शिवाय पाहुण्यांची गर्दी नेमकी सणासुदीला होते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराला, नाथषष्ठीला पैठणला माणसे लोटतात. ज्या दिवशी तिच्याही घरी सण असतो, त्याच दिवशी तिला लागोपाठ दोन घरे आवरायची असतात.

पहिला आक्षेप साधा आहे: आम्ही साफसफाईचे शुल्क भरले आहे, मग वेगळे कशासाठी? बिलात तशी ओळ पुष्कळदा असते हे खरे. पण ते पैसे कुठे जातात हे पाहायला हवे. २००८ मध्ये सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या व्यासपीठावर हे शुल्क यजमान ठरवतो आणि भाड्याबरोबर ते यजमानालाच मिळते. त्यातून साबण, फिनेल, धुलाई, झिजलेल्या चादरींचा खर्च निघतो आणि सफाईची मजुरीही निघते. मजुरी किती द्यायची हे मात्र मालक आणि ती बाई यांच्यातच ठरते. शुल्काच्या आकड्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. म्हणजे शुल्क ही घराची किंमत आहे, आभार नव्हेत. हॉटेलांच्या बाबतीत हा घोळ आपल्याकडे कायद्यापर्यंत गेला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की हॉटेलांनी आणि उपाहारगृहांनी सेवाशुल्क परस्पर बिलात लावू नये. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. त्यामागचे तत्त्व आपल्या प्रश्नालाही लागू पडते. बक्षिसी ग्राहकाच्या इच्छेची असते, ती बिलात बसवता येत नाही. आणि बिलात बसवलेल्या रकमेला बक्षिसी म्हणून समाधान मानता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून पुष्कळ वजनदार आहे, आणि तो श्रमिकांच्या बाजूने उभे राहणारेच घेतात. पाहुण्यांनी बक्षिसी द्यायला सुरुवात केली की मालक मजुरी वाढवायचे थांबवेल, असे ते म्हणतात. ही भीती निराधार नाही. अमेरिकेत बक्षिसी मिळणाऱ्या कामगारांसाठी केंद्रीय कायद्याने वेगळे, कमी किमान वेतन ठेवले आहे. ते तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून वाढलेले नाही. इतरांसाठीचा केंद्रीय दर ७.२५ डॉलर आहे. बक्षिसी धरूनही पूर्ण दर भरला नाही, तर फरक मालकाने द्यायचा असा नियम तिथे आहे, तरी मूळ वेतनाचा भार ग्राहकाच्या मर्जीवर टाकला गेला तो गेलाच. खोल्या साफ करणाऱ्यांबद्दल हाच वाद २०१४ मध्ये पेटला होता. मॅरियट या हॉटेल कंपनीने अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे १ लाख ६० हजार खोल्यांमध्ये पाकिटे ठेवायला सुरुवात केली. पाहुण्यांनी त्यात खोली आवरणाऱ्या बाईसाठी पैसे ठेवावेत, अशी कल्पना होती. तेव्हा लगेच विचारले गेले, की एवढ्या मोठ्या कंपनीने पगार वाढवायचा सोडून पाहुण्यांपुढे पाकीट का धरावे? प्रश्न रास्त होता. पण त्या उपक्रमामागचे निरीक्षणही खरे होते: सामान उचलणाऱ्याला आणि गाडी लावणाऱ्याला पैसे मिळतात, कारण ते दिसतात, खोली आवरणारी दिसत नाही, म्हणून राहून जाते.

आपल्या इतिहासात या आक्षेपाचे उत्तर अधिक स्पष्ट सापडते. बलुतेदारीत काम ठरलेले होते, पण मोबदला गावाच्या मर्जीवर होता. खळ्यावर जाऊन आपल्याच कष्टाचे धान्य मागून आणावे लागे; पीक बुडाले किंवा पाटलाची नाराजी झाली की बलुते आटत असे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनात सुधारणा करण्याचे विधेयक मांडले. काम बांधलेले आणि मोबदला मात्र अनिश्चित, या अवस्थेतून माणूस सुटला पाहिजे आणि सरकारी कामाचा ठरलेला पगार मिळाला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण बलुत्याची रीत इकडेही तीच होती. यातून घेण्यासारखा धडा असा, की ज्यावर पोट अवलंबून आहे ती रक्कम कधीही कोणाच्या खुशीवर सोडू नये. तोच धडा १९८० मध्ये पुण्याच्या मोलकरणींनी आपल्या अनुभवातून मांडला. त्यांनी संप केला, पगारवाढ आणि हक्काची रजा मागितली, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. नागपूरला डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या पुढाकाराने विदर्भ मोलकरीण संघटनेने अशीच लढाई लढवली. अशा अनेक वर्षांच्या रेट्यामुळे महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. दिवाळीला एका महिन्याचा पगार जादा द्यायचा, हा संकेत आज अनेक घरांत कोणी न मागता पाळला जातो. कोणे एके काळी खुशी म्हणून दिले जाणारे पोस्त संघटित मागणीमुळे जवळजवळ हक्क बनले, ही त्या लढ्याची कमाई आहे.

दिवसाच्या भाड्याचा फ्लॅट मात्र या चौकटीत नीट बसत नाही. घर म्हणावे तर तिथे कोणाचा संसार नाही, व्यवसाय म्हणावे तर बाहेरून ते शेजारच्या घरासारखेच दिसते. महिन्याच्या पगारावर एकाच घरी वर्षानुवर्षे जाणाऱ्या मावशींना निदान दिवाळी विचारता येते. खेपेवर काम करणारीला पाहुणा आला तरच पैसे. पावसाळ्यात चार आठवडे बुकिंग नसले तर तेवढे आठवडे कोरडे. पर्यटनातल्या स्त्रियांकडे सरकारचे लक्ष गेले आहे, हे चांगलेच आहे. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिला पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलेला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. पण हे धोरण मालकीण होऊ पाहणाऱ्या स्त्रीला हात देते. तिच्या फ्लॅटची फरशी पुसणारी त्यात कुठे आहे, हे शोधावे लागते. म्हणून जबाबदारीची वाटणी स्वच्छ असायला हवी. ठरलेली, वेळेवर मिळणारी, पाहुणा आला-न आला तरी निदान थोडा आधार देणारी मजुरी ही मालकाची जबाबदारी. बक्षिसी मिळते म्हणून त्या मजुरीतला एक रुपयाही कापायचा नाही. ब्रिटनमध्ये बक्षिसीच्या वाटपाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. बक्षिसीची पूर्ण रक्कम कामगारांपर्यंत गेली पाहिजे, मालकाने त्यातून काही ठेवून घ्यायचे नाही, असे तो सांगतो. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत प्रत्येक मालकाला हा नियम स्वतःपुरता पाळता येतो. पाहुण्याने काही दिले नाही म्हणून मालकाची मजुरी वाढेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. न दिलेले शंभर रुपये मालकापर्यंत निषेध म्हणून पोहोचत नाहीत. ते फक्त त्या बाईच्या हाती पडत नाहीत.

तिसरा आक्षेप मानाचा आहे. असे पैसे ठेवणे म्हणजे तिला भीक घालणे नव्हे का? ‘चहापाणी’ या साध्या शब्दाची आपल्या कचेऱ्यांनी जी गत केली आहे, तिच्यामुळे हा संकोच अधिकच वाढतो. पण चहापाण्याच्या नावाखाली मागितलेले पैसे कामाआधी दिले जातात, काम व्हावे म्हणून दिले जातात. इथे काम होऊन गेलेले असते किंवा देणारा गेल्यावर व्हायचे असते. पाहुणा बहुधा त्या घरात परत येणार नसतो. जादा टॉवेल मिळावा, खोली लवकर मिळावी, कोणी हसून बोलावे, असे काहीच त्याला त्या पैशांतून मिळत नाही. ज्यातून स्वतःला काही मिळवायचे नाही असे देणे लाचेपासून सर्वांत दूरचे असते. राहिला भिकेचा प्रश्न, तर तो रकमेपेक्षा रीतीवर ठरतो. जपानमध्ये बक्षिसीची सर्वसाधारण पद्धत नाही, तरी पारंपरिक विश्रामगृहात खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईला काही देणारे लोक ते कागदात किंवा पाकिटात घालून देतात. उघडे पैसे पुढे करणे असभ्य मानतात. आपणही आहेराचे पैसे पाकिटातच देतो. याउलट खिशातली उरलेली चिल्लर टेबलावर सांडून जाणे, अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा, उष्टी भाजी किंवा नको झालेला टी-शर्ट ‘घेईल कोणीतरी’ म्हणून मागे सोडणे, ही बक्षिसी नव्हे. तो कचरा आहे, आणि तोही तिलाच उचलायचा आहे.

रीत ठरवताना एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती देणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. रिकाम्या घरात सापडलेल्या नोटेला हात लावायला त्या बाईला भीती वाटते. पाहुणा विसरून गेला असेल, मागाहून फोन करेल आणि आळ तिच्यावर येईल. प्रामाणिकपणा हेच तिचे भांडवल. एका संशयाने काम जाऊ शकते. म्हणून पैसे पाकिटात किंवा घडी घातलेल्या कागदात ठेवावेत आणि वर मोठ्या, सोप्या अक्षरांत लिहावे: ‘साफसफाई करणाऱ्या ताईंसाठी. घर छान होते. धन्यवाद.’ पाकीट उशीखाली नको, ओट्यावर किंवा टेबलावर डोळ्यांसमोर हवे. शक्य असल्यास त्याचा फोटो काढून मालकाला एका ओळीत कळवावे, म्हणजे ती रक्कम तिचीच आहे याला साक्षीदार मिळतो. हल्ली रोख जवळ नसणे ही खरी अडचण आहे. मालकाने तिच्या खात्याचा क्यूआर कोड भिंतीवर लावावा, असा उपाय काही जण सुचवतात. पण त्यातून तिचे नाव आणि कधीकधी फोन नंबरही अनोळखी माणसांच्या हाती जातो. तिने स्वतः होकार दिल्याशिवाय तसे करू नये. त्यापेक्षा ‘ही रक्कम ताईंना द्या’ असे लिहून मालकाला पाठवावे आणि मालकाने ती पोहोचल्याचे कळवावे. जाताना मालकाच्या जागेबद्दल अभिप्राय लिहायचा असेल तर ‘फ्लॅट स्वच्छ होता’ एवढ्यावर न थांबता साफसफाई करणाऱ्यांचे काम उत्तम होते, असे लिहावे. ते वाक्य तिच्या मजुरीच्या बोलण्यात उपयोगी पडते.

किती द्यावे? भाड्याच्या टक्केवारीत हिशेब करू नये, कारण भाडे सुट्ट्यांत वाढते आणि एरवी उतरते. चादरी मात्र तेवढ्याच असतात. मोजमाप असे धरावे, की आपल्यामुळे तिचे जे काम झाले त्यातल्या निदान एका तासाची चांगली मजुरी आपल्या बाजूने असावी. दोघांचा एक-दोन रात्रींचा मुक्काम असेल तर शंभर रुपये, चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी दोनशे ते तीनशे, असे आजच्या दरांत बसते. लहान मुलांनी गादी ओली केली, हळदीचे डाग पडले, मित्रमंडळी जमून रात्री उशिरापर्यंत जेवणे झाली, तर त्याहून जास्त. सणाच्या दिवशी घर सोडले तर आणखी थोडे. वेरूळच्या वाटेवर एका कुटुंबाच्या चहा-नाश्त्यावर जेवढा खर्च होतो, तेवढीच ही रक्कम आहे. मात्र हा नियम सर्वांना एकसारखा लावणे अन्यायाचे होईल. पुंडलिकनगरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये उतरलेला माणूस सहलीला आलेला नसतो. त्याचे माणूस घाटीत अतिदक्षता विभागात असते आणि एकेक रुपया औषधाला जपून ठेवलेला असतो. त्याने पैसे ठेवले नाहीत तर त्यात उणेपणा नाही. पण पैसे नसलेल्यालाही देता येईल असे काही असते. भांडी खळबळून ओट्यावर ठेवणे, ओला-सुका कचरा वेगळा बांधणे, वापरलेल्या चादरी आणि टॉवेल एका जागी गोळा करणे, टाकीतले पाणी शिल्लक ठेवणे, दिलेल्या वेळेआधी दहा मिनिटे निघणे. यातून तिचा अर्धा तास वाचतो. ज्यांना पैसे देणे परवडते त्यांनी हेही करावे; पैसे दिले म्हणून घर उकिरडा करून जाण्याची मुभा मिळत नाही.

अशी रीत आपोआप पडत नाही. कोणीतरी पहिल्यांदा घालावी लागते. या बाबतीत सर्वांत सोपे पाऊल मालकाच्या हाती आहे. प्रत्येक फ्लॅटमध्ये दाराजवळ किंवा फ्रीजवर सूचनांचा एक कागद लावलेला असतो. गीझरचे बटण कोणते, वायफायचा पासवर्ड काय, मोटर कधी लावायची, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, किल्ली कुठे ठेवायची, हे सगळे त्यावर असते. घर राहण्याजोगे करणाऱ्या माणसाचा उल्लेख तेवढा नसतो. तिला विचारून, तिला चालेल त्या नावाने, त्या कागदावर आणखी एक ओळ लिहिता येईल: ‘या घराची साफसफाई अमुक ताई करतात. त्यांना त्यांची मजुरी मिळते. त्यांचे आभार मानावेसे वाटले तर पाकीट इथे ठेवा.’ ही ओळ वाचणाऱ्याला चेहरा दिसत नाही, पण नाव कळते, आणि घर आपोआप स्वच्छ झालेले नाही हेही कळते. जिन्याने उतरताना समोरून धुतलेल्या चादरींचे गाठोडे घेऊन एखादी बाई वर येताना दिसली, तर ती कोण हे त्याला ओळखता येईल. तेव्हा ‘ताई, येतो आम्ही’ एवढे म्हणून बाजूला सरकण्यापासून ही रीत सुरू होऊ शकते.